गोळीचे मूळ नाव

आम्ही हेमलकशावरून बोलतो आहोत. बचत गटांच्या वह्या तपासणे, बँकेची कामे करून देणे, बैठका घेणे हे आमचे रोजचे काम. दवाखान्यातल्या आम्ही नाही. तरी आज गोळ्यांबद्दल बोलणार आहोत, कारण हा विषय आमच्याकडे हिशेबाच्या वहीतून आला.

गटाच्या वहीत अंतर्गत कर्जाचा रकाना असतो, त्याच्या शेजारी कारण लिहायचे असते. बियाणे, बकरी, मुलीची फी, घराची कौले. मागल्या वर्षी आम्ही एका गटाची वही वाचत होतो. कारणाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द येत होता : दवापाणी. एकाच काकूंच्या नावावर तीन वेळा. ऑपरेशन नाही, बाळंतपण नाही. दर महिन्याच्या गोळ्या. तेंदूच्या हंगामात हातात आलेले पैसे भादव्यापर्यंत गोळ्यांत जात होते आणि वर गटाचे व्याज चढत होते.

या काकू पर्लकोटेच्या पलीकडल्या गावच्या. डोके गरगरते म्हणून मुलाने त्यांना शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेले. बीपी निघाला. डॉक्टरांनी कागद लिहून दिला, तिथल्याच दुकानातून महिन्याच्या गोळ्या घेतल्या आणि घरी आले. बीपीची गोळी रोज घ्यावी लागते हे काकूंना कळले होते, आणि त्या घेतही होत्या. गोळ्या संपल्या तेव्हा मुलगा भामरागडच्या दुकानात गेला. दुकानदाराने कागद पाहून मान हलवली. ही कंपनी आपल्याकडे येत नाही, आलापल्लीहून मागवावी लागेल. दोनदा मागवून आणल्या. तिसऱ्या वेळी पाऊस लागला. पर्लकोटेला पूर आला की आपले काय होते ते या भागातल्या बायांना सांगायला नको. गाडी नाही, दुकानात माल नाही. काकूंनी गोळी बंद केली. "सरल्या तं सरल्या, मंग का करू?" असे त्या आम्हाला नंतर म्हणाल्या.

तीन आठवडे त्या गोळीविना राहिल्या. एक दिवस अंगणात बसल्या जागी तोल गेला. उपकेंद्राच्या सिस्टर आल्या, बीपी मोजला, तो फार वाढलेला होता. सिस्टरने जुने रिकामे पाकीट मागितले. काकूंनी ते उशीखाली जपून ठेवले होते म्हणून बरे. सिस्टरने पाकीट उलटे करून वाचले, वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला, त्यांना विचारले आणि उपकेंद्राच्या कपाटातून दोन गोळ्या काढून दिल्या. तेच औषध. फुकट. पूर होता तेव्हाही ते त्या कपाटातच होते, काकूंच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

मग ते काकूंना का मिळाले नाही? कागदावर त्याचे नाव वेगळे होते म्हणून.

हे नीट समजून घेऊ. आपल्यात काही घरांत लग्नात नवरीचे नाव बदलतात. माहेरी सुमन, सासरी लक्ष्मी. बाई तीच. सासरच्या गावात कोणी सुमन कुठे राहते विचारले तर लोक म्हणतील, अशी कोणी नाही इथे. गोळीचेही तसेच. प्रत्येक गोळीला एक मूळ नाव असते, ते आतल्या औषधाचे नाव. ते जगभर बहुतेक एकच असते. त्याच औषधाची गोळी वेगवेगळ्या कंपन्या बनवतात आणि प्रत्येक कंपनी आपल्या गोळीला स्वतःचे नाव देते. ते झाले कंपनीचे नाव, ज्याला ब्रँड म्हणतात. तापाची गोळी घ्या. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावे तुम्ही ऐकली असतील. तिन्हींच्या आत पॅरासिटामॉल आहे. मूळ नावाने मिळणाऱ्या औषधाला लोक जेनेरिक म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, पण आता आपल्याकडे रुळला आहे.

काकूंच्या पाकिटाला एक गाठ आणखी होती. त्यांची गोळी जोडगोळी होती, एकीत दोन औषधे : टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि अमलोडिपिन ५ मिलिग्रॅम. सरकारी कपाटात ही दोन औषधे वेगवेगळ्या गोळ्यांत होती. म्हणून सिस्टरने दोन गोळ्या दिल्या, आणि म्हणूनच आधी डॉक्टरांना विचारले. दुकानदाराकडे अमलोडिपिन बहुधा असेलही, पण कागदावर ते नाव नव्हतेच.

आता पाकीट कसे वाचायचे ते सांगतो. पाकिटावर अक्षरे इंग्रजी असतात, काहींवर देवनागरीतही नाव असते. आपल्याला इंग्रजी येत नसेल तर घरातली सातवी-आठवीतली पोर वाचून देते, तिला बसवा. सप्टेंबर २०१८ पासून असा नियम आहे की औषधाचे मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचे. काही मिश्र औषधांना आणि व्हिटॅमिनच्या मिश्रणांना यातून सूट आहे. नियम चांगला, पण चकचकीत पत्र्यावर बारीक छपाई असली की दिव्याच्या उजेडात आम्हालाही वाचता येत नाही. पाकीट तिरपे धरून उन्हात वाचावे लागते. मूळ नावाच्या पुढे बरेचदा आय. पी. अशी दोन अक्षरे असतात. भारतीय औषधकोशात त्या औषधाची जी प्रत ठरवली आहे, त्या प्रतीचे हे औषध, असा त्याचा अर्थ.

नावाइतकाच महत्त्वाचा आकडा. अमलोडिपिन अडीच मिलिग्रॅमची येते, पाचची येते, दहाचीही येते. नाव बरोबर आणि आकडा चुकला तर औषध चुकले. आकड्यानंतर कधी एस. आर., एक्स. आर. किंवा ई. आर. अशी अक्षरे असतात. ही गोळी पोटात हळूहळू विरघळते आणि दिवसभर पुरते. साखरेच्या आजाराची मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एस. आर. या एक नव्हेत. एस. आर. गोळी तोडून किंवा कुटून खायची नसते. कंपनीच्या नावाला जोडलेली शेपटीही पाहा. एच किंवा ए. एम. असे पुढे आले तर आत दुसरे औषध मिसळलेले असते. कधी मूळ नावालाच शेपटी असते. मेटोप्रोलोल सक्सिनेट आणि मेटोप्रोलोल टार्ट्रेट, पहिला शब्द एकच, पण घेण्याच्या वेळा वेगळ्या. म्हणून नाव उतरवून घेताना अर्धे घेऊ नका, पूर्ण घ्या. साखरेच्याच आजारात ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड अशी कानाला जवळची वाटणारी दोन औषधे आहेत. एक मिलिग्रॅमच्या एक-दोनच्या हिशेबात घेतात, दुसरे चाळीस-ऐंशीच्या. तोंडी निरोपावर औषध आणू नका, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

एका औषधाला दोन मूळ नावे असेही क्वचित होते, आणि आपल्या भागात त्याचे उदाहरण फार जवळचे आहे. सिकलसेल आपल्या कितीतरी घरांत आहे. त्याच्या दुखण्याचे झटके कमी व्हावेत म्हणून डॉक्टर ज्या कॅप्सूल देतात त्यातले औषध हायड्रॉक्सियुरिया. काही पाकिटांवर तेच हायड्रॉक्सीकार्बामाइड म्हणून छापलेले असते. औषध एकच. एका आईने मुलाचे औषध बदलून दिले समजून कॅप्सूल परत केल्या होत्या. तिने विचारायला हवे होते हे खरे, पण तिची शंका आम्हाला आवडली. पाकीट न वाचता घेणाऱ्यापेक्षा वाचून परत करणारी बरी. हे औषध चालू असताना रक्त तपासत राहावे लागते, तेवढे मात्र विसरू नका.

किमतीत इतका फरक का, हे बैठकीत हमखास विचारतात. नवे औषध शोधणाऱ्या कंपनीला त्यावर वीस वर्षांचा पेटंटचा हक्क मिळतो, तोवर दुसऱ्या कोणाला ते बनवता येत नाही. हक्क संपला की कोणीही परवाना घेऊन बनवावे. बीपी-शुगरच्या आपल्या नेहमीच्या गोळ्या जुन्या, त्यांचे हक्क कधीच संपले. आपल्या देशाने १९७० साली कायदा करून औषधावरचा असा हक्क काढूनच टाकला होता, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवला. २००५ मध्ये तो परत आला. मधल्या त्या वर्षांत आपल्या कारखान्यांनी दुसऱ्या रीतीने तीच औषधे स्वस्तात बनवायला शिकून घेतले. २००१ साली एचआयव्हीच्या औषधांना परदेशी कंपन्या एका माणसामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर घेत होत्या. तेव्हा मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी. आफ्रिकेतल्या किती घरांत त्यामुळे माणूस वाचला असेल.

म्हणजे औषध बनवणे महाग नाही. मग आपल्या पाकिटावर किंमत कशाची? नावाची, जाहिरातीची, दवाखान्यांत फिरणाऱ्या कंपनीच्या माणसांची आणि मधल्या हातांची. आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना सरकार कमाल किंमत ठरवून देते. ते काम राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण करते, ते १९९७ पासून आहे. ‘फार्मा सही दाम’ नावाच्या त्यांच्या अ‍ॅपवर औषधाचे नाव टाकले की किंमत पाहता येते.

इथे एक फसगत सांगायला हवी. दुकानात जाऊन नुसते "जेनेरिक द्या" म्हटले की काम झाले असे नाही. काही गोळ्या दुकानदाराला फार स्वस्तात पडतात, पण पाकिटावर छापील किंमत मोठ्या कंपनीइतकीच असते. दुकानदार त्यावर दहा टक्के सूट देतो, आपण खूश होतो, आणि खरा फायदा गल्ल्यात राहतो. तेव्हा जेनेरिक हा शब्द न विचारता एका गोळीला किती पडले ते विचारा. पाकीट दहाचे की पंधराचे हे आधी मोजा. समजा पंधरा गोळ्यांचे पाकीट ९० रुपयांना आणि दहाचे ७० रुपयांना. सत्तर कमी वाटतात, पण पहिल्यात गोळी सहा रुपयांना पडते, दुसऱ्यात सातला. व्याज काढता येणाऱ्या बाईला हा हिशेब काहीच नाही.

आता कोणी बदलायचे? डॉक्टरांनी. हे आम्ही जोर देऊन सांगतो. कागदावर कंपनीचे नाव असेल तर दुकानदाराने आपल्या मनाने त्याऐवजी दुसरी कंपनी देऊ नये असा औषध नियमच आहे, आतले औषध तेच असले तरी. म्हणून दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. बोलायचे ते कागद लिहिताना, डॉक्टरांसमोर. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये नियमात बदल करून सांगितले की डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे, वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने यापेक्षा कडक नियम काढले आणि त्याच ऑगस्ट महिन्यात ते थांबवूनही ठेवले. डॉक्टर मंडळींचे म्हणणे होते की गोळ्यांची प्रत सगळीकडे सारखी असल्याची खात्री आधी द्या. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण आपण विचारायला कोणाची मनाई आहे? आम्ही बायांना एक वाक्य पाठ करून दिले आहे : "डॉक्टरसाहेब, आमच्या गावाकडे ही कंपनी मिळत नाही, औषधाचे मूळ नाव पण लिहून द्या." काही डॉक्टर लगेच लिहितात. एकाने आमच्याच एका ताईला झिडकारले होते, तिने तोच कागद प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन नाव लिहून आणले.

काही आजारांत कंपनीही बदलू नये, डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय. फिट्स म्हणजे मिरगीच्या गोळ्या, थायरॉइडच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनसारख्या गोळ्या. यांत रक्तातले प्रमाण थोडेसे हलले तरी त्रास होऊ शकतो. महिन्याला पन्नास रुपये वाचवायला जाऊन चुलीपाशी फिट आली तर काय भावात पडेल?

स्वस्त गोळी हलकी असते का, असे सासवा विचारतात. त्यांना हसू नका, प्रश्न खरा आहे. जेनेरिक बनवणाऱ्याला त्याच औषध कायद्याखाली परवाना लागतो, औषधकोशातली तीच प्रत पाळावी लागते. मोठ्या कंपन्या आपल्या काही गोळ्या दुसऱ्या कारखान्यातून करून घेतात, पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव वेगळे असते ते यामुळे. पण सगळे आलबेल आहे असेही सांगणार नाही. नागपूरच्या सरकारी दवाखान्यांना पुरवलेल्या काही गोळ्या बनावट निघाल्याचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले. नावाजलेल्या कंपन्यांच्या नावाच्याही बनावट गोळ्या सापडतात. म्हणून बिल घ्या, बिलावर बॅच नंबर पाकिटावरचाच आहे का पाहा, मुदत पाहा. नवीन गोळी सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी बीपी किंवा साखर तपासून घ्या. गोळी काम करते की नाही ते त्या तपासणीतच कळेल.

कुठे मिळेल? पहिला दरवाजा उपकेंद्राचा आणि आरोग्य केंद्राचा. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे असतात आणि पैसे लागत नाहीत. इथे लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ ला सुरू झाला, तेव्हापासून या जंगलातल्या माणसाला दवाखाना म्हणजे काय हे कळले. आपण मात्र शहराचा कागद आणला की या जवळच्या दरवाजांना विसरतो. ते औषध तिथे नसेल तर जनऔषधी केंद्र. ही सरकारी योजना २००८ साली सुरू झाली. केंद्रावर औषध मूळ नावानेच मिळते आणि किंमत बाजारातल्या ब्रँडच्या बरीच खाली असते. जवळचे केंद्र कुठे, औषध त्यांच्या यादीत आहे का, किंमत किती, हे ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर दिसते. अ‍ॅप नको असेल तर १८०० १८० ८०८० या नंबरावर फोन करा, पैसे पडत नाहीत. निघण्याआधी केंद्राला माल आहे का विचारून घ्या. आलापल्ली आपल्याला साठ किलोमीटरहून लांब, गडचिरोली तर त्याच्याही कितीतरी पुढे. एसटीचे भाडे धरले तर एकटीची स्वस्त गोळी महाग पडते.

आमच्या दोन गटांनी यावर तोड काढली. बँकेच्या कामाला कोणी ना कोणी जातेच, तिच्याकडे सगळ्यांचे कागद द्यायचे. प्रत्येकीची वेगळी पिशवी, पिशवीवर नाव, आत डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स आणि रिकामे पाकीट. पहिल्या वेळी आम्ही सगळे एका थैलीत आणले आणि वाटताना दोघींच्या गोळ्या बदलता बदलता राहिल्या. दोन्ही पाकिटे पांढरी, गोळ्याही पांढऱ्या. तेव्हापासून वेगळ्या पिशव्या. आपणच जनऔषधी केंद्र काढू, असाही विषय एका बैठकीत निघाला. त्याला १२० चौरस फूट जागा लागते, ती झाली असती. औषधनिर्माणशास्त्र शिकलेला फार्मासिस्ट लागतो, तो इथे राहायला तयार होईना. विषय तिथेच राहिला. आपल्या पोरींपैकी कोणी बारावी सायन्स करत असेल तर डी. फार्म. कडे लक्ष ठेवा, एवढेच.

काकूंसाठी आम्ही शाळेची एक वही केली. प्रत्येक पानावर एक औषध. रिकाम्या पाकिटाचा नाव आणि आकडा असलेला तुकडा कापून चिकटवलेला, खाली मूळ नाव मराठी अक्षरांत, कशासाठी ते, सकाळी असेल तर सूर्य आणि रात्री असेल तर चंद्र काढलेला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही पान ओळखता येते. पाकिटातून गोळ्या काढताना नाव आणि मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत राखून ठेवा, दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करा. आणि मृग लागण्याआधी पावसाळ्यापुरत्या गोळ्या घरात असू द्या. तांदूळ, मीठ, रॉकेल भरतो तसेच हे. आरोग्य केंद्रात मे महिन्यातच सांगून ठेवले तर डॉक्टर जास्त दिवसांच्या देतात.

काकू आता उपकेंद्रातूनच गोळ्या घेतात. गेल्या तपासणीत बीपी आवाक्यात होता. औषधासाठी काढलेल्या तीन कर्जांपैकी दोन फिटली, तिसऱ्याचे चार हप्ते राहिले आहेत.

पुढल्या महिन्याच्या बैठकीला येताना हप्त्याच्या पैशांबरोबर घरातली सगळी पाकिटे आणा, चालू आणि रिकामीही. सिस्टरने यायचे कबूल केले आहे. कात्री आणि डिंक आम्ही आणतो, वही तुमची तुम्ही आणा.